टेकडीवरचे विद्यापीठ आणि उशिरा आलेली जिम : युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळांची पार्श्वभूमी

अमेरिकन विद्यापीठातला खेळ म्हटला की साठ-सत्तर हजार प्रेक्षकांचे स्टेडियम आणि कोट्यवधी डॉलरचा टीव्ही-करार डोळ्यांसमोर येतो. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे यूएसएफ, यातले काहीच नसताना देशात अव्वल ठरले. जेझुइट पाद्र्यांनी चालवलेल्या या छोट्या कॅथलिक विद्यापीठाने 1955 आणि 1956 अशी लागोपाठ दोन वर्षे बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याच्याकडे स्वतःची धड जिम, म्हणजे छताखाली सामने घेता येतील असे क्रीडागृहसुद्धा नव्हते. एका दशकात एक खेळ पैशाअभावी बंद करावा लागला. पुढे ज्या खेळाने नाव मिळवून दिले, तो विद्यापीठाने आपणहून थांबवला. आज कॅम्पसवर दिसणाऱ्या जिम, मैदाने आणि तलाव यांचा अर्थ लागायचा तर हा इतिहास माहीत असायला हवा.

सुरुवात 15 ऑक्टोबर 1855 ची. इटालियन जेझुइट अँथनी मारास्की यांनी मार्केट स्ट्रीटवर सेंट इग्नेशियस अकादमी काढली. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज 1869 मध्ये सुरू करणारा धर्मसंघही हाच, जेझुइटांचा. मात्र एक घोटाळा टाळायला हवा. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचे सोबती होते, पण सॅन फ्रान्सिस्को शहराचे नाव त्यांच्यावरून नाही, असिसीच्या संत फ्रान्सिसवरून आहे. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत संस्थेच्या इमारती नष्ट झाल्या. पुढची वीसेक वर्षे तात्पुरत्या जागेत गेली, 1927 मध्ये ती सध्याच्या टेकडीवर आली आणि 1930 मध्ये, पंचाहत्तरीच्या निमित्ताने, आजचे नाव घेतले. टेकडीवर जागा मुळातच मर्यादित, चारी बाजूंनी शहर. खेळाच्या सोयींची अडचण तेव्हापासूनची आहे आणि ती कधीच पूर्ण सुटली नाही.

त्यामुळे मोठे सामने भाड्याच्या ठिकाणी होत. गोल्डन गेट पार्कच्या कडेला शहराच्या मालकीची दोन ठिकाणे होती : केझार स्टेडियम आणि त्याला लागून केझार पॅव्हेलियन. अमेरिकन फुटबॉल स्टेडियमवर आणि बास्केटबॉल पॅव्हेलियनमध्ये होई. भाड्याच्या जागेत तारखा आपल्या हातात राहत नाहीत, तिकिटाच्या पैशातून भाडे वजा होते आणि रोजचा सराव तर दुसरीकडेच शोधावा लागतो. बास्केटबॉल संघ सरावाला संलग्न सेंट इग्नेशियस हायस्कूलची जिम वापरी.

याच परिस्थितीत 1951 चा अमेरिकन फुटबॉल संघ उभा राहिला. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या हाताखाली त्याने नऊपैकी नऊ सामने जिंकले. ऑली मॅटसनने त्या हंगामात बॉल घेऊन धावत 1,566 यार्ड कापले आणि 21 टचडाउन केले, म्हणजे इतक्या वेळा प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेऊन गुण मिळवले. त्याच संघातले मॅटसन, जिनो मार्केट्टी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. विद्यापीठाच्या क्रीडा-प्रसिद्धीचे काम तेव्हा पीट रोझेल नावाचा तरुण पाहत होता. तो पुढे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा कमिशनर, म्हणजे प्रमुख झाला.

अपराजित संघाला नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या 'बोल' सामन्यांपैकी एखाद्याचे आमंत्रण मिळायला हवे होते. बोलचा महसूल वाटून मिळे आणि यूएसएफच्या तोट्यातल्या फुटबॉलला त्याची नितांत गरज होती. दक्षिणेतल्या एकाही बोलने बोलावले नाही. मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवले तर आमंत्रण मिळेल, असे संघाला कळवण्यात आल्याचे खेळाडूंनी सांगितले आहे. संघाने नकार दिला. त्या नकाराची किंमत नेमकी किती, हे सगळ्यांना माहीत होते, आणि म्हणूनच तो नकार इतका मोठा आहे. हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. सेंट क्लेअरचे एक वर्ष उरले होते, ते त्याला टल्सा विद्यापीठात जाऊन खेळावे लागले. टोलर 1965 मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला.

या बंदीचे खापर केवळ हुकलेल्या बोलवर फोडणे मात्र बरोबर नाही. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू बदलण्यावर बंधन नव्हते. आक्रमणाला एक चमू, बचावाला दुसरा, ही 'टू-प्लाटून' पद्धत सगळीकडे रूढ झाली होती. म्हणजे अकरा जणांऐवजी बावीस पक्के खेळाडू, त्यांच्यामागे तितकेच राखीव, आणि शिष्यवृत्त्या, गणवेश, प्रवास, प्रशिक्षक या सगळ्यांचा खर्च जवळपास दुप्पट. दुसरीकडे 1946 पासून फोर्टीनायनर्स हा व्यावसायिक संघ त्याच केझारवर खेळू लागला होता आणि शहरातला प्रेक्षक तिकडे वळला होता. आजूबाजूची कॅथलिक कॉलेजेही याच कात्रीत सापडली : सेंट मेरीजने 1950 च्या हंगामानंतर फुटबॉल सोडला, लॉस एंजेलिसच्या लोयोलाने 1951 नंतर, सांता क्लाराने 1952 नंतर. 1953 मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम पुन्हा कडक झाले, पण तोवर या संस्थांचे फुटबॉल संपले होते.

बास्केटबॉलचे गणितच निराळे. एका वेळी कोर्टवर पाच जण, सगळा संघ बारा-पंधरांचा, एका बसमध्ये मावणारा. एक असामान्य खेळाडू मिळाला तरी संघाचे रूप पालटते. यूएसएफला एकाच वेळी दोन मिळाले.

प्रशिक्षक पीट नेवेल यांच्या संघाने 1949 मध्ये न्यूयॉर्कची एनआयटी ही कॉलेज संघांची निमंत्रित स्पर्धा जिंकली होती. त्यांच्यानंतर आलेल्या फिल वूलपर्ट यांनी बचावावर भर देणारी तीच पद्धत पुढे नेली. ओकलंडच्या मॅक्लिमंड्स हायस्कूलमधल्या बिल रसेल या उंच, सडपातळ मुलाला शिष्यवृत्ती देऊ करणारे यूएसएफ हे एकमेव विद्यापीठ होते. तिथे त्याची खोली के. सी. जोन्सबरोबर होती, आणि बास्केटबॉल म्हणजे भूमिती आहे हे दोघांनी तासन्‌तास बोलून एकमेकांना पटवले.

त्या काळच्या खेळात ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारे शॉट क्लॉक नव्हते आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. रिंगकडे खाली येणारा बॉल बचाव करणाऱ्याने अडवणे 1944 पासूनच नियमबाह्य होते. म्हणून रसेलची सगळी करामत बॉल वर चढत असताना, हातातून सुटल्यावरच्या पहिल्या क्षणात घडे. प्रशिक्षक तेव्हा शिकवत की बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरच ठेवावेत, उडी मारली की फसगत होते. रसेल उडी मारी, पण प्रतिस्पर्ध्याने मारल्यानंतर. शिवाय तो बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे. बाहेर गेलेला बॉल पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. तो टिचकी मारल्यासारखा हलका धक्का देऊन बॉल कोर्टातच आपल्या गड्याकडे वळवी, आणि अडवलेल्या शॉटमधूनच यूएसएफचे आक्रमण सुरू होई. पाठीमागे रसेल असल्यामुळे जोन्स आणि हॅल पेरी पुढे धोका पत्करून पूर्ण कोर्टभर दबाव टाकू शकत. त्यांच्या हातून कोणी निसटलाच, तर त्याची गाठ रिंगखाली रसेलशी पडे.

11 डिसेंबर 1954 रोजी हा संघ यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून 47-40 असा हरला. त्यानंतर सलग 60 सामने तो हरला नाही. त्याच डिसेंबरात ओक्लाहोमा सिटीतल्या स्पर्धेसाठी गेल्यावर तिथल्या हॉटेलांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्या. तेव्हा सगळा संघ, गोरे खेळाडूही, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहात एकत्र राहिला आणि स्पर्धा जिंकून परतला. सुरुवातीच्या पाचांत तीन कृष्णवर्णीय खेळाडू उतरवणे तेव्हा मोठ्या विद्यापीठांतही घडत नव्हते. वूलपर्ट यांनी त्यासाठी बरीच टीका सोसली.

1955 च्या अंतिम सामन्यात समोर फिलाडेल्फियाचे ला साल, तेही कॅथलिक, आणि त्यांचा टॉम गोला हा देशातला नावाजलेला खेळाडू. वूलपर्ट यांनी गोलावर रसेलला न लावता, त्याच्याहून पाच-सहा इंच बुटक्या जोन्सला लावले आणि रसेलला रिंगजवळ मोकळे ठेवले. जोन्सने गोलाला 16 गुणांवर रोखून स्वतः 24 केले, रसेलने 23 गुण आणि 25 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) मिळवले. यूएसएफ 77-63 ने जिंकले. पुढच्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. आयोवाविरुद्धच्या अंतिम सामन्यात जोन्स नव्हता. आधीचा एक हंगाम अपेंडिक्समुळे बुडाल्याने त्याला जास्तीचे वर्ष मिळाले होते, पण ती सवलत राष्ट्रीय स्पर्धेला लागू नव्हती. तरीही 83-71. रसेलचे 26 गुण, 27 रिबाउंड. विजयांची मालिका डिसेंबर 1956 मध्ये इलिनॉयने तोडली, तेव्हा रसेल आणि जोन्स दोघेही कॉलेज संपवून मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून बसले होते.

त्याच सुमारास रिंगखालची 'लेन', म्हणजे कोर्टवर आखलेला पट्टा, सहा फुटांवरून बारा फूट रुंद झाली. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला लेनमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, म्हणजे उंच खेळाडूला आता रिंगपासून आणखी तीन फूट लांब उभे राहून सुरुवात करणे भाग होते. साथीदाराचा शॉट रिंगवरच हाताने आत लोटण्यालाही पुढे बंदी आली. दोन्ही बदलांचे श्रेय रसेलला दिले जाते. पण त्याचा खरा दरारा बचावात होता, आणि त्याला नियमांचा उतारा सापडला नाही.

जिम आली ती यानंतर. विजेतेपदांनी शहरात जो उत्साह आला, त्यातून माजी विद्यार्थी आणि नागरिकांकडून देणग्या उभ्या राहिल्या आणि 1958 मध्ये वॉर मेमोरियल जिम्नॅशियम सुरू झाले. नावाप्रमाणे ते युद्धात मृत्यू पावलेल्या माजी विद्यार्थ्यांचे स्मारकही आहे. रसेल त्यात विद्यार्थी म्हणून एकही सामना खेळला नाही.

टेकडीवरचा आणखी एक खेळ मात्र जिमवाचून बहरला. फुटबॉल, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो. 1962 ते 2000 या काळात स्टीव्ह नेगोएस्को प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने 1966, 1975, 1976 आणि 1980 अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. नायजेरिया, नॉर्वे अशा ठिकाणांहून आलेले विद्यार्थी हे त्या संघाचे बळ होते. 1978 चे विजेतेपदही जिंकले होते, पण अपात्र खेळाडू उतरवल्यामुळे ते काढून घेतले गेले. मैदान आता नेगोएस्को यांच्या नावाने ओळखले जाते.

ते काढून घेतलेले विजेतेपद पुढच्या संकटाची चाहूल होती. 1976-77 मध्ये बिल कार्टराइट हा खेळाडू असलेल्या बास्केटबॉल संघाने पहिले 29 सामने जिंकले, देशात पहिला क्रमांक मिळवला, मग नोट्र डेमकडे हरला आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गारद झाला. पण पडद्यामागे देणगीदार खेळाडूंना नियमबाह्य मदत करत होते. अशा प्रकरणांत पैसे क्वचितच थेट हातात ठेवले जातात. देणगीदाराच्या कंपनीत खेळाडूच्या नावाने नोकरी दाखवली जाते, पगार दरमहा निघतो आणि काम काहीच नसते. प्रशिक्षकाला कळत नाही किंवा कळून घ्यायचे नसते. विद्यापीठाच्या हिशेबवहीत त्याची नोंदच नसल्याने अंतर्गत तपासणीतही ते सापडत नाही. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने यूएसएफवर दोनदा कारवाई केली तरी प्रकार थांबले नाहीत. मग एका विद्यार्थिनीवरील हल्ल्याच्या खटल्यात दोषी ठरलेल्या प्रमुख खेळाडूने, न केलेल्या कामाचे दरमहा 1,000 डॉलर एका देणगीदाराकडून मिळत असल्याचे कबूल केले.

29 जुलै 1982 रोजी अध्यक्ष फादर जॉन लो शियावो यांनी पुरुषांचे बास्केटबॉल बंद केल्याचे जाहीर केले. एनसीएएने तसे सांगितले नव्हते. एवढे नाव असलेला कार्यक्रम विद्यापीठाने स्वतःहून थांबवणे ही त्या काळात धक्कादायक गोष्ट होती आणि लो शियावो यांना माजी विद्यार्थ्यांचा रोष पत्करावा लागला. प्रशिक्षक बदलून भागले नसते, कारण दोष संघात नव्हता, संघाभोवती जमलेल्या पैशात होता. तीन हंगाम हा संघच नव्हता. 1985 मध्ये माजी खेळाडू जिम ब्रोवेली यांच्या हाती संघ देऊन पुन्हा सुरुवात झाली. राष्ट्रीय स्पर्धेत परतायला 1998 उजाडले, आणि त्यानंतरची खेप 2022 मध्ये.

सोयींवरचा खर्च तोवर सगळ्या विद्यार्थ्यांकडे वळला होता. 1989 मध्ये कोरेट सेंटर झाले : मोठा जलतरण तलाव, व्यायामशाळा, खेळाडू नसलेल्यांनाही खुले. सोब्राटो कुटुंबाच्या देणगीतून जुन्या जिमचेही नूतनीकरण झाले आणि ती आता वॉर मेमोरियल अ‍ॅट द सोब्राटो सेंटर या नावाने ओळखली जाते.

जिम बांधली तेव्हा विद्यापीठाच्या बहुतेक विभागांत फक्त मुलगे होते. 1964 पासून मुलींना सर्वत्र प्रवेश मिळाला, आणि आज त्याच कोर्टवर महिला व्हॉलीबॉल आणि महिला बास्केटबॉलही खेळले जाते. ऑगस्टपासून व्हॉलीबॉलचा हंगाम, नोव्हेंबरपासून दोन्ही बास्केटबॉल संघांचा. मधल्या आठवड्यांत तिन्ही संघांचे सामने एकाच फरशीवर येतात. जाळीचे खांब खोबणीतून काढायचे, झाकणे फरशीला सपाट बसली का ते हाताने तपासायचे, कारण वर राहिलेल्या कडेवर धावणाऱ्याचा घोटा मुरगळतो. मग रिंगा खाली घ्यायच्या आणि पुढच्या संघाला आत सोडायचे.