डबा, डेक आणि रेडियम

कोपरखैरण्यातल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी कुणाची ना कुणाची मारुती ईको व्हॅन उघडी पडलेली असते. सीट फुटपाथवर, मॅट कंपाउंडवर वाळत टाकलेली आणि मालक डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा. आठवडाभर हीच गाडी एपीएमसीतून कांदे-बटाटे ओढते.

व्हॅन घरच्या घरी सजवायचा हा नाद जुना आहे. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली आणि १९८८ पासून तिला ‘ओम्नी’ म्हणू लागले. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आणि आत बहुतेक उघडा पत्रा. वागळे इस्टेटमधले छोटे कारखानदार, केटरर, शाळेची मुलं नेणारे, सगळ्यांना ती परवडली. पण आठवडाभर माल वाहणाऱ्या त्याच गाडीतून कार्ल्याला एकविरेच्या दर्शनालाही जायचं असे. मालाच्या डब्याला घरचं रूप द्यायची खटपट तिथून सुरू झाली. सीट कव्हर, छताला रेक्झिन, खिडक्यांना झालरीचे पडदे. हौस म्हणा, पण मला त्यात गरज जास्त दिसते.

गाण्यांची गोष्ट वेगळी. साधा रेडिओ बाळगायलाही एके काळी पोस्टातून परवाना काढावा लागे. पुढे कॅसेट आली, पण चांगला कार स्टिरिओ परदेशी आणि आयात शुल्क जबर. त्यामुळे उदारीकरणाआधी ‘फॉरेनचा डेक’ मुंबईच्या मनीष मार्केटमधून कुणाच्या तरी ओळखीने यायचा. घरच्या घरी बसवणं जमू लागलं ते मात्र एका जर्मन मापामुळे. १८० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी खाचा, म्हणजे ‘डिन’. डॅशबोर्डला या मापाची जागा असली की कुठल्याही कंपनीचा डेक तिथे सरकतो. कॅसेट गेली, सीडी आली, मग यूएसबी, ब्लूटूथ; खाचा तोच राहिला. आताच्या अँड्रॉइड स्क्रीनला दुप्पट उंचीची जागा लागते, एवढंच. चोऱ्या वाढल्या तेव्हा डेकची पुढची पट्टी निघू लागली. लग्नाच्या हॉलमध्ये ती शर्टाच्या खिशात घालून फिरणारे काका माझ्या पिढीने पाहिलेत.

व्हॅनची खरी अडचण सरकत्या दरवाजाची. त्यात वायर नेता येत नाही, म्हणून स्पीकर मागे गेले: प्लायवुडचा खोका, त्यात सहा बाय नऊ इंची लंबगोल स्पीकर. खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असे. डेकमागचा फ्यूज १० अँपिअरचा, गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४. आत १४० वॅट जातात, तर हजार बाहेर कुठून येणार? हा हिशेब दुकानदाराला सांगून पाहा, तो चहा मागवेल.

बाहेरच्या सजावटीचा राजा रेडियम, म्हणजे उजेड पडला की चकाकणारा स्टिकर. त्या स्टिकरमध्ये रेडियम औषधालाही नसतं. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना पूर्वी ते लावत, तिथून नाव चिकटलं असावं. आधी ब्लेडने हातानं कापलेली ‘आई एकविरा प्रसन्न’ची अक्षरं, मग स्टिकर कापणारं यंत्र, प्लॉटर, आला आणि कापणाऱ्याच्या हाताचं वळण गेलं. नंबरप्लेटवरची कारागिरी तर खास मराठी. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ आमच्याकडे वाचता न येणारा माणूस विरळा.

मग कायद्याने एकेक गोष्ट काढून घेतली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरची काळी फिल्म बंद केली. नाक्यावर पोलीस ती ओरबाडून काढत आणि गोंदाचे चट्टे वर्षभर काचेवर राहत. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. स्टिरिओ किंवा सीट कव्हरला यात कुणी हात लावत नाही, पण रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओची पायरी चढावीच लागते. त्याच वर्षी एप्रिलपासून नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ठरावीक छापाची ‘हाय सिक्युरिटी’ नंबरप्लेट आली आणि ‘दादा’ पुन्हा ४१४१ झाला. ओम्नीही त्याच वर्षी थांबली.

२०१० साली आलेल्या ईकोकडे वारसा गेला तो मुख्यतः आवाजाचा. आता लोक पॅनेल काढून पत्र्यावर ब्यूटिलच्या, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणाऱ्या चिकट रबराच्या शीट डकवतात. बोटाने टकटक करून बघायचं: टणटण वाजलं तर शीट हवी, ठपठप वाजलं तर झालं.

माझ्या ईकोत अ‍ॅम्प्लिफायर मीच बसवला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शीळ यायची, वेगाबरोबर चढत जाणारी. दोन रविवार वायरी बदलण्यात गेले. शेवटी कळलं की अर्थिंगचा स्क्रू मी रंगावरच आवळला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, शीळ गेली. आता डावा दरवाजा खडखडतोय; तो पुढच्या रविवारी.