तिथी, भरती आणि फलन

कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करावी. चाराची पाऊणपट तीन, म्हणून चतुर्थीला तीनच्या सुमारास समुद्र पुरता भरतो. अष्टमीला सहाच्या आणि दशमीला साडेसातच्या सुमारास. गणितातले फलन ओळखायचे कसे, हे या आडाख्यावरून फार स्वच्छ समजते.

दोन संचांतील घटकांच्या क्रमित जोड्या म्हणजे संबंध. पहिल्या संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचात जोडीदार असेल, आणि तो एकच असेल, तरच तो संबंध फलन ठरतो. महिन्याच्या ३० तिथींपैकी प्रत्येकीला आमचा आडाखा घड्याळाच्या तबकडीवरचा एकच आकडा देतो. तेव्हा हे फलन आहे. शुद्ध आणि वद्य या दोन्ही चतुर्थींना तीनच वाजतात, याने काही बिघडत नाही. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच: दोघांना एकच उत्तर चालते, एकाला दोन उत्तरे चालत नाहीत.

आता उलटे विचारा. भरती तीनला आहे, तर तिथी कोणती? उत्तरे दोन, म्हणून हा उलटा संबंध फलन नाही. शिवाय समुद्र साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरतो. त्यामुळे तबकडीऐवजी २४ तासांची वेळ धरली, तर एकाच चतुर्थीला पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन अशा दोन वेळा मिळतात आणि मूळचे फलनही फलन राहत नाही. कोणत्या संचातून कोणत्या संचात, हे ठरल्याखेरीज फलनाचा प्रश्न विचारताच येत नाही.

आलेखासाठी उभ्या रेषेची कसोटी शिकवतात, पण पुष्कळदा ती अर्धीच सांगितली जाते. क्ष² + य² = २५ या वर्तुळात क्ष = ३ घेतल्यास य ४ किंवा −४ येतो; उभी रेषा दोनदा छेदते, म्हणून हे फलन नव्हे. वरचे अर्धवर्तुळ −५ ते ५ या प्रांतावर, म्हणजे पहिल्या संचावर, फलन आहे. मात्र प्रांत म्हणून सर्व वास्तव संख्या घेतल्या, तर क्ष = ७ ला जोडीदारच उरत नाही आणि तेही बाद होते.

जर्मन गणिती डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये असे फलन मांडले, की परिमेय संख्येला एक ठरावीक मूल्य आणि अपरिमेय संख्येला दुसरे. त्याचा आलेख हाताने काढताच येत नाही. तरीही २ च्या वर्गमुळाला त्यात मूल्य मिळते, आणि एकच मिळते.