दहाच्या तीन याद्या: शाळेतल्या मूल्यशिक्षणाची पार्श्वभूमी

कळव्यातल्या एका महापालिका शाळेत जिन्याच्या पायऱ्यांवर मूल्ये रंगवली आहेत. खालून राष्ट्रभक्ती, मग राष्ट्रीय एकात्मता, असे करत वर नीटनेटकेपणा. मूल्ये दहा आणि पायऱ्या अकरा, म्हणून शेवटच्या पायरीवर ‘पाणी वाचवा’. परिपाठ संपला की मुले त्यांवरून धडधडत वर्गात पळतात. मुरबाड-शहापूरच्या जिल्हा परिषद शाळेपासून ऐरोलीच्या अनुदानित शाळेपर्यंत ही यादी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर सापडते.

जुना इतिहास थोडक्यात. कंपनी सरकारच्या 1854 च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी शाळांत धार्मिक तटस्थता पाळायची असे ठरवले. 1882 च्या शिक्षण आयोगाने सर्व धर्मांना चालेल असे नीतिपाठांचे पुस्तक सुचवले, तेव्हा आयोगातल्याच एका मराठी सदस्याने भिन्नमत नोंदवले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम 28 ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली. 1959 मध्ये नेमलेली समिती ‘धार्मिक आणि नैतिक शिक्षण’ या विषयासाठीच होती. 1964-66 च्या शिक्षण आयोगाने ‘नैतिक व आध्यात्मिक मूल्ये’ म्हटले आणि त्यासाठी आठवड्याला एकदोन तासिका राखून ठेवायला सांगितले. ‘मूल्य’ हा शब्द सगळ्यांना सोयीचा होता, त्याला कुठल्या देवळाचा वास नव्हता. मराठीत तो किमतीचाही शब्द, त्यामुळे मूल्यशिक्षण, मूल्यमापन आणि मूल्यवर्धित कर एकाच घरातले झाले, ते असो.

खरा गुंता 1986 नंतरचा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमासाठी दहा गाभाघटक, म्हणजे देशभर सगळीकडे शिकवायचे समान मुद्दे, दिले. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दहा मूल्ये आली, मूल्यशिक्षणाची तासिका आली. त्याच दशकात एका जागतिक संस्थेची दहा जीवनकौशल्ये आली. तिन्ही याद्या दहाच्याच! डी.एड. केलेल्या कुणाही शिक्षकाला विचारा, तोंडी परीक्षेत गाभाघटक विचारले की मूल्ये सांगितली जायची आणि मूल्ये विचारली की ‘समस्या निराकरण’ हे जीवनकौशल्य. पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या टिपणात, तिन्हींसाठी वेगळे रकाने. अपूर्णांकांच्या बेरजेच्या पाठात ‘राष्ट्रीय एकात्मता’ लिहिलेले मी पाहिले आहे. छेद समान केले की एकात्मता साधते, असे स्पष्टीकरणही ऐकले.

हा गोंधळ विनोदी असला तरी पहिल्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि स्त्री-पुरुष समानता दोन्हींत आहेत. ‘छोटे कुटुंब’ मूल्यांत नाही, त्याचे कुणाला वाईट वाटायचे कारण नाही. श्रमप्रतिष्ठा नव्याने आली, ती महाराष्ट्राच्या मातीतली. पण गाभाघटकांत समता, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता एका ओळीत होत्या. मूल्यांच्या यादीत त्या ओळीतून उरली ती सर्वधर्मसहिष्णुता. सहिष्णुता म्हणजे दुसऱ्याला सोसणे. धर्मनिरपेक्षता हे आधी शासनाचे बंधन, ती शेजाऱ्याशी नीट वागण्यापुरती नाही. आठ वर्षांच्या मुलाला ‘धर्मनिरपेक्षता’ जड जाईल, असा बचाव तेव्हा ऐकू यायचा. ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ कुणाला जड वाटला नव्हता. लोकशाही तर त्याहूनही सोपी, वर्गमंत्री निवडताना मुले ती करतच असतात.

या वगळलेल्या शब्दांची जागा वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांनी घेतली, असे म्हणणे थोडे अन्यायाचे होईल, पण दिसते तसेच. या सवयी डोळ्यांना दिसतात, नोंदवता येतात. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागल्या, तेव्हा तयार नोंदींच्या पुस्तिकांतून ‘नीटनेटका राहतो’, ‘वेळेवर येतो’ हीच वाक्ये पानोपानी उतरली. ‘दुसऱ्याच्या मताचा आदर करतो’ हे लिहायला त्या मुलाचे मत ऐकलेले असावे लागते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात बाईंना तेवढी उसंत कुठली?

हे सगळे राज्य मंडळाच्या शाळांपुरते. घोडबंदर रोडच्या एकाच सोसायटीत एक मूल ‘मूल्यशिक्षण’ म्हणते, मिशनच्या शाळेतले ‘मॉरल सायन्स’ म्हणते आणि सीबीएसईतले ‘लाइफ स्किल्स’.

राष्ट्रीय पातळीवर 1999 च्या संसदीय समितीने सत्य, धर्म, शांती, प्रेम, अहिंसा ही पाच मूल्ये सांगितली आणि ‘धर्म’ शब्दावरून वाद पेटला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 2002 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने धर्मांविषयी शिकवणे कलम 28 च्या विरोधात नाही, असे म्हटले. मराठीत मात्र धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण या दोन्हींना आपण सर्रास ‘धार्मिक शिक्षण’ म्हणतो, त्यामुळे चर्चा तिथेच अडकते.

वगळलेले शब्द दुसऱ्या दाराने परत आले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अभ्यासक्रम घटनेतल्या मूल्यांशी सुसंगत हवा असे सांगितले. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या शाळांत सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता यांवर उभा होता. 26 जानेवारी 2020 पासून राज्यातल्या शाळांत घटनेच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले.

आणि 2024 च्या मे महिन्यात राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मूल्यशिक्षणाच्याच प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक निघाला. वडीलधाऱ्यांना वंदन करावे, एवढाच त्याचा आशय. पण 25 डिसेंबर 1927 ला महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, तो महाराष्ट्राच्या शाळेत नमस्कार शिकवायला हवाच का? ठाण्यातलेच एक आमदार निषेधाला महाडला गेले. तिथे त्यांच्या हातून बाबासाहेबांचे चित्र असलेला फलक फाटला आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा त्याचीच झाली. श्लोकाचे प्रकरण मागे पडले. मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही, असे मंत्र्यांनी जाहीर केले.

2025-26 पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येऊ लागला आहे. पाठ टाचणाच्या वहीत तीन रकाने अजून तसेच आहेत.