पार्श्वभूमी : ‘निकेल’ नावाचा घोळ

बेळगावात जुन्या गाडीचं काम काढलं की इंजिन, पत्रा आणि रंग यांवर तासन्‌तास बोलणं होतं. बंपर, जाळी, काचेभोवतीची पट्टी, दाराची मूठ यांच्यासाठी मात्र एकच शब्द पुरतो. ‘निकेल गेलंय’, ‘निकेल मारून घ्या की’. उद्यमबागेत हाच, निपाणीत हाच, पुढे कोल्हापुरातही हाच. या एका शब्दाखाली किमान चार वेगळे धातू दडलेले असतात. जुन्या गाड्यांचे चकाकते भाग गंजाने गेले त्याहून जास्त या घोळाने गेले, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द चिकटला कसा, हे समजण्यासारखं आहे. सुरुवातीच्या मोटारींवर पितळ असे, मग निकेल आलं. क्रोमचा मुलामा गाड्यांवर दिसू लागला तो १९२० च्या दशकाच्या मध्यात. बेळगावात १८८८ मध्ये किर्लोस्करांचं सायकलचं दुकान निघालं, ज्यातून पुढे लोखंडी नांगर आणि एक अख्खी वाडी उभी राहिली. त्या काळच्या सायकलींवर चकाकी असे ती निकेलचीच. क्रोम आलं तेव्हा कारागिरांच्या तोंडी आधीचा शब्द बसलेला होता, आणि तोच राहिला असणार.

शिवाय तो पूर्ण चूकही नाही. लोखंडी बंपरवर आधी तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम असे थर चढतात. निकेल साधारण १० ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. म्हणजे गंज अडवण्याचं काम निकेलच करतं; क्रोम फक्त निळसर झाक देतं आणि ओरखडे सोसतं. या थरांना डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. आपल्याकडे जूनपासून चार महिने रिपरिप, त्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाणं-येणं म्हणजे खारी हवा. पाणी छिद्रातून लोखंडापर्यंत पोचतं आणि टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उठतात. क्रोम झिजून खालचा पिवळसर रंग दिसू लागला की समजावं, आता उघडं पडलंय ते निकेल. अशा बंपरला ‘निकेल मारा’ म्हणणं रास्तच आहे. अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती, पद्मिनी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, त्यामुळे असे बंपर आजही भरपूर आहेत.

घोळ सुरू होतो पुढच्या भागांपाशी. काचेभोवतीच्या आणि बाजूच्या पट्ट्या अनेकदा स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यावर मुलामा नसतोच. पोचे आतून ठोकून काढायचे, बारीक कागद मारायचा आणि बफिंग करायचं, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासायचं, की जन्मभराची चकाकी परत. दारांच्या मुठी आणि नावाची अक्षरं बहुधा जस्ताच्या ओतकामाची. ओतकाम बेळगावला शिकवायला नको, पण जस्त आम्लात विरघळतं, म्हणून ते लोखंडाच्या रांगेत टाकून चालत नाही; फोड आलेली मूठ दुरुस्त करणं हे बंपरपेक्षा कितीतरी किचकट काम आहे. चौथं ॲल्युमिनियम. त्यावर मुलामा नसतो, विजेच्या साहाय्याने वाढवलेला त्याच्याच ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. तो थर दुधाळ झाला की पट्टी मळकट दिसते, आणि वरून कितीही पॉलिश घासलं तरी फरक पडत नाही.

माझ्याकडच्या फियाटच्या उंबऱ्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक मी बंपरसोबत मुलाम्याला दिली. विचारलं, “अण्णा, हे पण होईल ना?” “होतंय की, निकेलच आहे ते.” तेलकटपणा काढायला सगळे भाग गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सोडले. बंपरभोवती काही नाही, पट्टीभोवती दुधासारखा फेस उसळला. पट्टी ॲल्युमिनियमची होती, आणि ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं. तारेने ओढून काढली तेव्हा ती काळी पडली होती, कडा ब्लेडसारख्या झाल्या होत्या आणि खिळ्यांची भोकं रुंद होऊन एकमेकांना मिळाली होती. माणूस कामात वाकबगार होता. चुकला तो शब्द, आणि तो शब्द आधी मीच वापरला होता.

लोहचुंबक लावून ओळखता येतं, असं सर्रास सांगतात. ते अर्धवट आहे. गाडीच्या पट्ट्यांना पुष्कळदा ४३० दर्जाचं स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक चिकटतो. चुंबक न चिकटणारी, हलकी पट्टी असेल तर मल्टिमीटरची दोन टोकं न ओरखडता तिच्यावर टेकवावीत. वीज वाहिली नाही तर तो ॲल्युमिनियमचा थर शाबूत आहे.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, काळ्या प्लास्टिकचे दिवस सुरू झाले आणि धातूची चकाकी ओसरली. हल्लीच्या गाड्यांचं ‘क्रोम’ बरंचसं प्लास्टिकवर चढवलेलं असतं. दरम्यान मुलाम्याच्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, कर्करोगकारक ठरलं. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून त्याचं क्रोमियम ट्रायऑक्साइड हे संयुग खास परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि त्याच्या जागी कमी घातक असं त्रिसंयुजी क्रोम येत आहे. त्याची झाक किंचित वेगळी दिसते, म्हणून जुना मागचा आणि नवा पुढचा बंपर शेजारी ठेवले की फरक कळतो.

२०२१ मध्ये केंद्राचे व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. मोठे बदल नकोत म्हणून नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. पट्ट्या आणि मुठींचा नाही. त्यामुळे जुनी झिजलेली चकाकी तशीच ठेवावी की नवी चढवावी, हा वाद केए-२२ (बेळगाव) आणि एमएच-०९ (कोल्हापूर) वाल्या दोघांतही मालकाच्या मर्जीवरच राहिला आहे. मला विचाराल तर स्टेनलेस निःशंक चमकवावं, बंपरवर ठिपके मोजके असतील तर ते मऊ ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने पुसावेत आणि मेण लावून थांबावं. एकदा टाकीत गेलेला मूळ थर परत येत नाही.

उरलेली पट्टी मी अजून गाडीवरून काढलेली नाही. बाकीचे सुटे भाग देताना प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधतो : लोखंड, स्टेनलेस, जस्त. निकेल असं कुठेच लिहीत नाही.