ऑनलाइन छळ: कायद्याचं घड्याळ आणि वर्गातले बघे

शालेय छळाच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेउस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम दुखावणं, वारंवार दुखावणं आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. फोनवर यातली दुसरी खूण फसवी ठरते. कुणीतरी एकदाच टाकलेला फोटो तीस जण पुढे पाठवतात. टाकणाऱ्याच्या लेखी ते एकदाच घडलं, सोसणाऱ्याच्या लेखी तीस वेळा. त्यामुळे ‘एकदाच तर केलं’ ही सबब शाळेच्या नियमावलीत चालता कामा नये.

कायद्याकडून इथे शिक्षेआधी वेग हवा. इटलीच्या २०१७ च्या कायद्यानुसार चौदा वर्षं पूर्ण झालेलं मूल पालकांविनाही मजकूर हटवण्याची मागणी करू शकतं. कंपनीने २४ तासांत दखल घेतली नाही किंवा ४८ तासांत मजकूर काढला नाही, तर तक्रार माहिती-संरक्षण प्राधिकरणाकडे जाते. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या कायद्यातही आधी कंपनीकडे तक्रार, मग ऑनलाइन सुरक्षेसाठी नेमलेल्या आयुक्तांचा आदेश असाच क्रम आहे. उलट कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताने २०१३ मध्ये व्याख्या इतकी सैल ठेवली, की २०१५ मध्ये न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. रागाच्या भरात केलेला कायदा पीडितांच्या हाती काहीच ठेवत नाही, तो असा.

पण मूल बोललंच नाही, तर हे घड्याळ सुरूच होत नाही. मुलं गप्प राहतात त्याचं एक साधं कारण म्हणजे फोन जप्त होण्याची भीती. ‘तक्रार करणाऱ्याचा फोन काढून घेणार नाही’ हे शाळेने आणि पालकांनी आधीच जाहीर करावं.

पुरावा जपताना स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसावी आणि प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवावी. दिसणारं नाव क्षणात बदलता येतं. अल्पवयीनाचं नग्न छायाचित्र असेल तर मात्र प्रत काढू नये, शिक्षकांनीही नाही. ते जवळ बाळगणं अनेक देशांत गुन्हा आहे. फक्त लिंक टिपून थेट तक्रार करावी.

शाळा हमखास चुकते ती दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणण्यात. ताकद समान नसताना समेट म्हणजे दुबळ्याने माघार घेणं! फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘कीवा’ कार्यक्रम याउलट चालतो. प्रशिक्षित शिक्षकांचं पथक पीडित मुलाशी आणि छळणाऱ्यांशी वेगवेगळं बोलतं. वर्गशिक्षक वर्गात मान असलेल्या दोन ते चार मनमिळाऊ वर्गमित्रांना पीडिताची सोबत करायला सांगतात. शिवाय वर्षभर बघ्यांसाठी तास होतात, कारण हसणारे आणि लाइक देणारे नसतील तर छळणाऱ्याला मिळणारा भाव उतरतो. वर्षातून एकदा सभागृहात दिलेल्या भाषणाने हे साधत नाही.

आणि पाठपुरावा तारीख ठरवूनच ठेवावा. छळ थांबला का, हे मुलालाच एकट्याला विचारावं, वर्गासमोर नव्हे.