‘फ्रेंच कॅनकॅन’मागचा खरा मूलाँ रूज

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारच्या ‘फ्रेंच कॅनकॅन’ (१९५५) या विनोदी चित्रपटात दांग्लार नावाचा कर्जबाजारी माणूस पॅरिसच्या माँमार्त्र भागात मूलाँ रूज हा कॅबरे, म्हणजे नाचगाण्याचं थिएटर, उभा करतो. कॅबरे खरा आहे, दांग्लार मात्र काल्पनिक. जोझेफ ओलेर आणि शार्ल झिदलर यांनी ६ ऑक्टोबर १८८९ रोजी मूलाँ रूज सुरू केला. आयफेल टॉवरही त्याच वर्षीचा. जागतिक प्रदर्शनामुळे पॅरिस पाहुण्यांनी भरून गेलं होतं, तो मोका दोघांनी बरोबर साधला.

माँमार्त्र १८६० पर्यंत पॅरिसच्या हद्दीबाहेर होतं. जकात नसल्यानं तिथे दारू स्वस्त, म्हणून गुत्ते आणि नाचघरं फोफावली. कॅनकॅन हा पाय उडवत करायचा नाच मूलाँ रूजहून जुना, १८३०च्या आसपासचा. पाय उंच उडवणाऱ्यांना पोलीस तेव्हा पकडून नेत. झिदलरनी हाच नाच तिकीट लावून बड्या लोकांपुढे आणला.

रेन्वार माँमार्त्रमध्येच जन्मला, १८९४ साली. त्याचे वडील चित्रकार ऑग्युस्त रेन्वार; त्यांनी तिथलं नाचघर १८७६ मध्येच रंगवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ज्याँ अमेरिकेला गेला, पुढे बंगालमध्ये ‘द रिव्हर’ केला. फ्रान्समध्ये पुन्हा कॅमेरा लावायला १५ वर्षं गेली. परतल्यावर त्यानं खऱ्या गल्ल्यांकडे पाठ फिरवून अख्खं माँमार्त्र स्टुडिओत बांधलं. मला हे पटतं. त्याला हवे होते ते वडिलांच्या पिढीचे रंग.

दांग्लारच्या भूमिकेत ज्याँ गाबँ आहे. तो स्वतः तरुणपणी मूलाँ रूजच्या रंगमंचावर वावरलेला. चित्रपटात उद्घाटनाच्या रात्री त्याची नर्तिका निनी मत्सरानं नाचायला नकार देते, तेव्हा दांग्लार तिला खडसावतो: तो कुणा एकीचा नाही, तमाशाच्या फडमालकासारखा फक्त खेळाचा. पुढे पडद्यामागे खुर्चीत बसून तालावर पाय हलवतो.

निनी धोबीण आहे, आणि मूलाँ रूजची खरी राणी ‘ला गूल्यू’ म्हणजे लुईझ वेबर ही धोबिणीचीच मुलगी. चित्रकार तूलूज-लोत्रेकनं १८९१च्या पोस्टरवर तिलाच काढलं. पुढे तिनं मूलाँ रूज सोडला, आणि १९२९ मध्ये ती हलाखीत वारली. रेन्वारची गोष्ट उद्घाटनाच्या रात्रीच संपते, त्यामुळे निनीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.