दरडोई उत्पादन जास्त म्हणून माणसं श्रीमंत? खुलासा

‘ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पादन जास्त, तिथली माणसं सुखवस्तू’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या आधारे निधीवाटप झालं तर खऱ्या गरजूंवर अन्याय होतो.

उत्पादन मोजलं जातं ते जिथे घडतं तिथे. पैसा पोचतो तो मालक, कामगार आणि सरकार असतील तिथे. नेदरलँड्समधला ग्रोनिंगेन प्रांत घ्या. 1959 मध्ये तिथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूचं मूल्य प्रांताच्या खात्यात मोजलं गेल्याने तो युरोपातल्या श्रीमंत प्रदेशांत झळकत राहिला. घराघरांतलं उत्पन्न मात्र देशाच्या सरासरीहून कमीच होतं. पैसा मुख्यतः राष्ट्रीय तिजोरीत आणि कंपन्यांकडे गेला. उपशामुळे होणारे भूकंप तेवढे स्थानिकांच्या वाट्याला आले.

बेल्जियमची राजधानी ब्रसेल्सचा दरडोई आकडाही मोठा दिसतो, पण कारण वेगळं. रोज बाहेरून कामाला येणारे लाखो लोक तिथल्या उत्पादनात भर घालतात, पण भागाकार होतो फक्त रहिवाशांच्या संख्येने. आकडा फुगणारच.

म्हणून घरांच्या हाती उरणारं उत्पन्न, बालमृत्यू, शिक्षण, बेरोजगारी हेही पाहावंच लागतं. प्रदेशांमधली विषमता मोजायला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब प्रदेशांच्या दरडोई उत्पादनाचं गुणोत्तर काढलं, तर तेही फसवं. विरळ वस्तीच्या एखाद्या प्रदेशामुळे ते उसळतं. अर्थतज्ज्ञ जेफ्री विल्यमसन यांचा 1965 चा निर्देशांक प्रदेशांना लोकसंख्येनुसार वजन देतो, त्यामुळे हा दोष बराच कमी होतो. प्रदेशाच्या आतली दरी त्यालाही दिसत नाही. तिथे थाइल निर्देशांक उपयोगी पडतो: प्रदेशाप्रदेशांमधली विषमता किती आणि प्रदेशांच्या आतली किती, हे तो वेगवेगळं दाखवतो.